आरीदूचा दिवा

रविवारी आमच्या बेटावर कुणी कुणाला फोन करत नाही. शनिवारी संध्याकाळीच बटाटे सोलून पाण्यात टाकायचे, जळणाच्या पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, विटा चुलीपाशी रचून ठेवायच्या, दोरीवरचे कपडे उतरवायचे आणि सोमवार सकाळपर्यंत गप्प राहायचं. मी काही फार धार्मिक बाई नाही. पण रविवारी दोरीवर साधा टॉवेल वाळत घालायची माझीही छाती होत नाही. शेजारीण बोलणार काहीच नाही, नुसती बघेल. त्या बघण्याला अख्खं गाव टरकून असतं.

मी एफी. वीज कंपनीची आठचाकी चालवते. आठ फुगीर टायर आणि वर उघडा टब, एवढीच ती गाडी. दलदलीत रुतत नाही, पाण्यात बुडत नाही. तळं आडवं आलं की तशीच पाण्यात उतरते आणि टायरांनी पाणी मारत मारत पलीकडे निघते, रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. आमच्या लुईस बेटाच्या पोटात रस्ते नाहीत. नुसता हेदरच्या झुडपांचा ओला माळ, त्यात जिकडेतिकडे तळी, आणि त्या सगळ्यावरून लाकडी खांबांवर गेलेल्या तारा. तार कुठे तुटली की मी गाडी काढते आणि शेजारी लाइनमन तोरमोड बसतो. एकट्याने जायचं नाही असा नियम आहे. आम्ही दोघं शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळे तेव्हा सुरू झालेलं भांडण अजून गाडीत चालू आहे.

खाडीपलीकडे आरीदू. पूर्वी तिथे बऱ्यापैकी वस्ती होती म्हणतात. आता हिवाळ्यात एकच चूल पेटते, डोलिनाआत्याची. ती तोरमोडच्या वडिलांची चुलतबहीण, म्हणून तो तिला आत्या म्हणतो आणि त्याचं ऐकून मीही म्हणते. तिच्याजवळ तिचा थोरला भाऊ अँगस राहायचा. त्याचं डोकं हल्ली काही वर्षं ठिकाणावर नव्हतं. नाव विचारलं तर बरोबर सांगायचा, साल विचारलं तर तोंडाला येईल ते. कधीच विकून टाकलेल्या मेंढ्या बघायला उठून माळावर जायचा आणि परतीची वाट विसरायचा. म्हणून आत्याने घराच्या भिंतीवर उंच एक मोठा दिवा लावून घेतला होता. रात्रंदिवस चालू. अँगसला बाकी काही आठवलं नाही तरी दिव्याकडे चालत यायचं एवढं कळायचं. अलीकडच्या तीरावर आम्ही त्याच दिव्यावरून हवा ओळखायचो. दिवा दिसत नसला की म्हणायचं, पलीकडे धुकं आहे.

नोव्हेंबरातला तो रविवार वाऱ्याचा होता. दुपारनंतर कौलं उडतील असा वारा सुटला आणि मग रात्रभर पाऊस. सोमवारी नीट उजाडलंही नव्हतं तेव्हा तोरमोडचा फोन आला.

"आठचाकी काढ, एफी. अँगसकाका कालपासून बेपत्ता आहे."

हे त्याला पोलिसांनी सांगितलं होतं, आणि पोलिसांना आत्याने. फटफटल्यावर ती कशीबशी टेकडीवर चढली आणि तिथून तिचा मोबाइल लागला. ढग माळाला टेकले होते, त्यामुळे हेलिकॉप्टर येईना. खाडी इतकी उसळलेली की बोट लोटायची सोय नव्हती. गावातले पुरुष शोधायला निघाले होते, पण पायी. त्यांच्या आधी पोचू शकेल अशी एकच गाडी होती, ती माझी.

आरीदूची लाइन मोठ्या लाइनपासून रस्त्याकडेच्या एका खांबावर फुटते. तिथे गाडी ट्रेलरवरून उतरवली. खांबावर फ्यूजची नळी खाली लोंबत होती. फ्यूज उडाला की ती अशी सुटते, खालून बघणाऱ्याला लगेच कळतं. पण एका घराचा फाटा गेला तर कंपनीच्या कंट्रोल रूमला पत्ता लागत नाही. घरातून कुणीतरी फोन करावा लागतो.

तोरमोडने लांब दांडी जोडली आणि नळी परत वर बसवायला निघाला. त्याला फार घाई झाली होती. मी तेव्हा ते काळजीवर घातलं.

"काय करतोयस?"

"दिवा लागेल, एफी. म्हातारा जिथे असेल तिथून त्याला दिसेल."

"आणि तार तुटून खाली पडली असेल तर? म्हातारा नेमका तिच्यावर पाय देऊन उभा असेल तर? आधी लाइन बघायची, मग फ्यूज. नवी पोरं आली की तूच त्यांचे कान किटवतोस ना यावरून?"

त्याने दांडी खाली घेतली. फ्यूजची नळी काढून खिशात टाकली, म्हणजे दुसरं कुणी चुकून लावणार नाही, आणि गुपचूप गाडीत येऊन बसला. मी खांबांच्या रांगेने गाडी घातली. एरवी या वेळी तो माझ्या चालवण्यावर बोलायला लागतो. दगड दिसत नाही का, डोळे घरी ठेवून आलीस का, वगैरे. त्या दिवशी त्याची नजर नुसती वरच्या तारेवर होती.

"कालच गेलीय ही," तो एकदम म्हणाला. "चारच्या सुमारास."

"तुला रे कसं माहीत?"

इंजिनाच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं. काही गोष्टी ओरडून बोलायच्या नसतात, पण आमच्या गाडीत इलाज नाही.

"मी बघितलं. घरी होतो. आई चर्चला गेली होती. मॅच लागली होती, ती बघत होतो, आवाज बंद करून. अंधारायला लागलं तसा पडदा ओढायला उठलो."

पडदा का, ते मला सांगायची गरज नव्हती. रविवारी टीव्हीचा उजेड रस्त्यावरून दिसला तर सोमवारी आईला दुकानात तोंड दाखवायची चोरी.

"तर समोर दिवा नव्हता," तो म्हणाला. "बाकी सगळं दिसत होतं. टेकडी दिसत होती, घराचं छप्परसुद्धा दिसत होतं. दिवा तेवढा नव्हता."

"मग?"

"मग काय. फोन वाजला नव्हता. म्हटलं, वाजला तर जाऊ."

"वाजणार कुठून? आत्या रविवारी फोन करेल?"

"नाही करणार."

"तुला ठाऊक होतं."

"हो."

मी गाडी थांबवली. खरं म्हणजे त्याला खाली ढकलून द्यावं असं वाटलं. ड्यूटी त्याची होती. त्या आठवड्यात वीज गेली तर जायचं त्यानेच. आणि आमचे पाद्री कितीही कडक असले तरी गरजेच्या आणि दयेच्या कामाला रविवार आड येत नाही, हे तेच दरवर्षी सांगतात.

"तुला उठवावं लागलं असतं," तो म्हणाला. "ट्रेलर जोडून गावातून न्यायचा. चर्च सुटायची वेळ. सगळे दारात उभे असते. सगळ्यांनी बघितलं असतं, एफी. आणि मॅचचा उत्तरार्ध राहिला होता." एवढं बोलून त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "हेही होतं. खोटं कशाला बोलू."

 मग जे सुचलं ते मी बोलले, आणि ते बोलल्याची लाज मला आजही वाटते.

"हे आत्याला सांगत बसू नकोस. ऐकून ती काय करणार? तुझी नोकरी जाईल, आणि तिचा माणूस काही त्याने सापडणार नाही. गप्प बस आणि समोर बघ."

तो समोर बघत राहिला. मी गाडी पुढे काढली. मध्ये एक लांबट तळं आलं. खांब अलीकडे आणि पलीकडे, तार वरून गेलेली. वळसा न घालता मी गाडी तशीच पाण्यात उतरवली. पाणी काठावरून आत उडत होतं. तोरमोड उभा राहून हाका मारत होता, "अँगसकाका! ओ अँगसकाका!" वारा त्या हाका आमच्याच तोंडावर परत आणून टाकत होता.

तळं ओलांडून चढावर आलो आणि मला काहीतरी लाल दिसलं. माळावर लाल काही नसतं.

एक लाल लोकरी जर्सी होती. काठीला बांधून काठी दलदलीत रोवलेली. तिच्यापलीकडे तार तुटून हेदरमध्ये पडली होती. तारेच्या दुसऱ्या बाजूलाही एक काठी, तिच्यावर जुना काळा कोट फडफडत होता. आणि मधल्या खांबाला पाठ टेकून अँगस बसला होता, नुसत्या सदऱ्यावर, अनवाणी. सदरा अंगाला चिकटलेला. ओठ निळे पडलेले.

तरुणपणी अँगस लाइन टाकणाऱ्या टोळीत होता, हे मी ऐकून होते. हेच खांब त्यांनी माळावरून ओढत आणले होते. त्या काळी त्यांच्याकडे झेंडे नसायचे की काही नसायचं. तार पडलेली दिसली की अंगावरचा कपडा काढून दोन्ही बाजूंना खूण करायची आणि कुणी येईपर्यंत तिथून हलायचं नाही. हे सगळं त्याच्या अंगात कुठेतरी शिल्लक होतं. घरातला उजेड गेला तेव्हा तो मेंढ्या बघायला गेलाच नव्हता. लाइन कुठे तुटली ते बघायला गेला होता.

तोरमोड त्याच्यापाशी गुडघ्यावर बसला. अँगसने डोळे उघडले.

"मुकादमाने पाठवलं का रे तुला?"

"हो काका."

"उशीर केलास." आवाज अगदी बारीक होता, पण त्यात राग होता. "केव्हाचा इथे बसलोय. त्या बाजूने जाऊ नको, तार खाली आहे."

"नाही जात, काका."

"पोरंबाळं येतात इकडून."

तोरमोडने आपला जाड कोट काढून त्याला त्यात गुंडाळलं आणि उचललं. म्हातारा हलका झाला होता. गाडीच्या मागच्या भागात तोरमोड त्याला छातीशी धरून बसला आणि मी गाडी रस्त्याकडे वळवली. या खेपेला एकही तळं चुकवलं नाही, सगळी सरळ कापली. एका तळ्यात पाणी घोट्यापर्यंत आत आलं, आणि मी अशी गाडी चालवली म्हणून एरवी मला नोटीस मिळाली असती.

पाण्यात असताना मागून अँगसचा आवाज आला.

"आज वार कोणता?"

"सोमवार, काका."

"मग चालेल. रविवारी काम केलं की डोलिना ओरडते."

मी मागे वळून बघितलं नाही. तोरमोडचा चेहरा मला बघायचा नव्हता.

रस्त्यावर अँब्युलन्स उभी होती. अँगसला तिच्यात घातल्यावर तोरमोड अंगात कोट नसतानाच आत्याला सांगायला पायी आरीदूला गेला. मी म्हटलं, गाडीने सोडते. तो नको म्हणाला. दुसऱ्या दिवशी तार जोडली गेली, फ्यूज बसला, संध्याकाळी दिवा लागला. अँगस स्टोर्नोवेच्या हॉस्पिटलात आठवडा संपायच्या आत वारला. डॉक्टर म्हणाले, थंडी हाडापर्यंत गेली होती. आत्या त्याच्या उशाशी होती. तिला तो शेवटपर्यंत तार जोडली का, एवढंच विचारत होता.

शवपेटी आरीदूला घरी न्यायची असं आत्याने ठरवलं. एक रात्र घरात, मग दफन. गावातले लोक म्हणाले, एवढ्या दलदलीतून पेटी न्यायची म्हणजे हाल आहेत, चर्चमध्येच ठेवू. आत्या म्हणाली, "तो त्याच वाटेने घरी येईल." म्हणून पेटी माझ्या आठचाकीवर चढली. मी इतक्या हळू गाडी कधी चालवलेली नाही. तोरमोड पेटीवर हात ठेवून शेजारून चालत होता. तळं आलं तेव्हा मी म्हटलं, चढ आता. तो पेटीशेजारी उकिडवा बसला आणि पलीकडे गेल्यावर लगेच उतरला.

दुपारी स्वयंपाकघरात आम्ही तिघंच होतो. पुढच्या खोलीत पेटी होती, आणि संध्याकाळच्या स्तोत्रांसाठी माणसं यायला अजून वेळ होता. मी कप विसळत होते. आत्या टेबलाशी बसून हाताने टेबलावरच्या नसलेल्या खरकट्याचे कण गोळा करत होती.

"तोरमोड," ती म्हणाली, "डोक्याकडची दोरी तू धरायचीस."

आमच्याकडे बायका कबरीपर्यंत जात नाहीत. पुरुष पेटी वाहून नेतात आणि दोऱ्यांनी खाली सोडतात. डोक्याकडची दोरी सगळ्यात जवळच्या माणसाची. बहुधा मुलाची. अँगसला मूल नव्हतं.

"मला नको, आत्या," तोरमोड म्हणाला. "दुसऱ्या कुणाला दे."

"दुसऱ्या कुणाला का? शोधलंस तू. तुझ्या कोटात आला तो माळावरून." ती थांबली. "आणि मी तरी कुणाला तोंड दाखवू? मला एक सांगायचंय. पाद्रींना सांगितलेलं नाही. तुम्हा दोघांना सांगते."

मी नळ बंद केला.

"दिवा गेला तेव्हा उजेड होता. अँगस इथे चुलीपाशी बसला होता, ओले मोजे काढून. घरातला फोन हल्ली विजेवर चालतो, तो मेला होता. मी मोबाइल घेऊन टेकडी चढायला लागले. रविवार होता, तरी निघाले. म्हटलं, दिवा हवा, अँगसला दिवा लागतो. अर्ध्यावर गेले. तिथून तुमचं चर्च दिसतं. खिडक्यांत उजेड होता." तिने तोरमोडकडे बघितलं. "माझ्या मनात आलं, पोरगा आईशेजारी बसला असेल. आठवडाभर खांबांवर चढतो, एक दिवस निवांत बसलाय. एका दिव्यासाठी त्याला उठवून देवाचा दिवस मोडायला लावू? अँगस तर घरातच आहे, दाराला कडी घालीन. म्हणून फिरले मागे. घरी आले तर मोजे होते, अँगस नव्हता. हाका मारत घराभोवती फिरले, तोवर ओढा चढला. टेकडीकडे जाताच येईना. रात्रभर खिडकीत कंदील धरून बसले."

तिचा आवाज तोवर साधा होता. आता तुटला.

"निघाले हे पाप झालं की फिरले हे पाप झालं, ते मला कळत नाही रे. मी फोन केला असता तर तू आला असतास ना? एवढंच सांग. आला असतास ना?"

तोरमोडने माझ्याकडे बघितलं. त्याला मीच गप्प बसायला सांगितलं होतं. म्हातारी ऐकून काय करणार, असं म्हणाले होते मी. आणि म्हातारी चार दिवस हे एकटी उरावर घेऊन बसली होती. मी मान हलवली. सांग, असं मला म्हणायचं होतं. पण माझ्या मान हलवण्याची त्याला गरज नव्हती बहुतेक.

"फोनची गरजच नव्हती, आत्या."

"म्हणजे?"

"मी चर्चमध्ये नव्हतो. घरी होतो. मॅच बघत होतो. पडदा ओढायला उठलो तेव्हा दिवा दिसला नाही. मला कळलं की वीज गेलीय. तू फोन करणार नाहीस हेही कळलं. आणि मी पडदा ओढला." तो धापा टाकल्यासारखा बोलत होता. "लोक बघतील म्हणून निघालो नाही. तुझी काही चूक नाही. तू टेकडीवर चढलीस की उतरलीस, त्याने काही फरक पडत नव्हता. मला आधीच माहीत होतं."

 टेबलावर फिरणारा आत्याचा हात थांबला.

"मी ज्याच्यासाठी मागे फिरले," ती शेवटी म्हणाली, "तो तिथे नव्हताच."

"नव्हतो."

मला वाटलं, ती त्याला घराबाहेर काढेल. काढायला हवं होतं, असं अजूनही मला कधी कधी वाटतं. ती उठली, दारामागे गेली आणि एक बटण दाबलं. बाहेरच्या भिंतीवरचा दिवा विझला. दुपारी खिडकीतून जो पिवळट उजेड गवतावर दिसायचा तो गेला.

"आता कुणासाठी जाळायचा?" ती म्हणाली. "ज्याला घरी यायचं होतं तो आलाय." मग तोरमोडकडे वळली. "दोरी तूच धरायचीस. जड लागली तर लागू दे. आणि हा दिवा आता कधीच लागणार नाही. खिडकीतून बघून तुला काही कळायचं नाही. मी जिवंत आहे की नाही, वीज आहे की नाही, कळून घ्यायचं असेल तर इथे यायचं आणि विचारायचं."

"येईन."

"गाडी आणायची नाही. रविवारी मला माझ्या दारात इंजिन नको." आणि मग, त्याच आवाजात, "एफी, चहा टाक. याच्या अंगात कोटसुद्धा नाही."

कोट पेटीत होता. आत्याने तो अँगसला घालूनच पुरायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तोरमोडने दोरी धरली. मी तिथे नव्हते, बायकांबरोबर दारात उभी होते. पुरुषांनी सांगितलं की पेटी खाली टेकल्यावरसुद्धा त्याने बराच वेळ दोरी सोडली नाही, शेवटी पाद्रींनी त्याच्या हातातून घेतली. सोमवारी तो कंपनीच्या ऑफिसात गेला आणि सगळं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, फोनच आला नव्हता, नियमाप्रमाणे तुझ्यावर काही येत नाही. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड इतकं उतरलेलं होतं की शिक्षा मिळाली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

तेव्हापासून तो दर रविवारी पायी जातो. वाट चर्चवरून आहे, आणि तो नेमका चर्च सुटायच्या वेळी निघतो. मुद्दाम, असं माझं मत. लोक दारात उभे असतात. हा गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, पाठीला पिशवी लावून मधून जातो आणि खांबांच्या रांगेने माळावर चढतो. पहिल्या काही वेळा सगळ्यांनी बघितलं, आमच्या गावात बघतात तसं. आता कुणी बघत नाही. तो दिसला की सगळे आपापल्या बुटांकडे बघतात.

परवा मी आरीदूला मीटर बघायला गेले होते, तेव्हा आत्याला विचारलं.

"काय करतो येऊन?"

"दारात उभा राहून विचारतो, वीज आहे का. मी आहे म्हणते. मग आत घेते. शनिवारचं सूप असतं, ते दोघं खातो. बोलत नाही फारसं."

"माफ केलंस का त्याला?"

"त्याने मागितलेली नाही," आत्या म्हणाली. "आणि तुला गं काय करायचंय? तू तुझं बघ."

ती सहज बोलली असेल. पण परत येताना सबंध वाट माझ्या डोक्यात तेच होतं. आमच्या गावातली घरं एका रांगेत आहेत आणि सगळ्या घरांच्या खिडक्या खाडीकडे आहेत. त्या रविवारी संध्याकाळी चर्चमधून माणसं बाहेर पडली ती खाडीकडे तोंड करूनच. दिवा नाही हे एकट्या तोरमोडलाच दिसलं असेल, असं कुणी मला शपथेवर सांगावं. तो निदान बोलला.

मी त्या संध्याकाळी खिडकीची फट बुजवायला उठले होते. पलीकडे बघितलं. दिवा नव्हता. पलीकडे धुकं असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि फट बुजवली. बाहेर कौलं उडवणारा वारा होता. तसल्या वाऱ्यात धुकं नसतं, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही माहीत असतं.

येत्या रविवारी मी तोरमोडबरोबर जाणार आहे. पायी.